‘ते दक्षिणेत होतं’ असं मुलांना सांगू नका: न्यू जर्सीतल्या मराठी शाळांच्या शिक्षक-पालकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मी गेली बारा वर्षे एडिसनमध्ये रविवारी सकाळी मुलांना मराठी शिकवते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांची मुले माझ्या हाताखालून गेली आहेत, काहींनी माझ्याबरोबर एकाच टेबलावर बसून पाठ तयार केले आहेत. म्हणून मोकळेपणाने लिहिते. अमेरिकेतल्या गुलामगिरीबद्दल सांगताना माझ्या हातून वर्गात एक चूक झाली. तीच चूक आपण बहुतेक सगळे करत असणार, आणि ती आता थांबवली पाहिजे असे मला मनापासून वाटते.

गेल्या हिवाळ्यात चौथीतली एक मुलगी तिच्या रोजच्या शाळेतला प्रकल्प आमच्या वर्गात घेऊन आली. तीन घड्यांचा पांढरा पुठ्ठा. मध्ये अमेरिकेतल्या इंग्रजांच्या तेरा वसाहतींचा नकाशा, उजवीकडे लोकसंख्येचे रंगीत खांब. १७०० साली सुमारे २.५ लाख, १७७० साली सुमारे २१ लाख. तिला ते मराठीत सांगून दाखवायचे होते. खांबांवर बोट ठेवून तिने विचारले, "काकू, सत्तर वर्षांत इतकी माणसं कुठून आली?" मी म्हणाले, "बोटी भरभरून लोक आले, आणि त्यांना मुलंही पुष्कळ झाली." मागे बसलेल्या एका मुलाने विचारले, "आणि स्लेव्ह्ज?" मी म्हणाले, "ते दक्षिणेत होते. आपल्याकडे नाही." मुलीने नकाशाखाली तसे लिहायला घेतले. ‘दक्षिणेत’मधला ‘क्ष’ तिला जमेना. मी तिचा हात धरून तो काढून दिला.

घरी जेवताना मी हा प्रसंग सांगितला, तर रटगर्समध्ये शिकणारा माझा मुलगा एकदम म्हणाला, "आई, आमच्या कॉलेजची जुनी इमारत बांधायला गुलाम होते." त्याच्या विद्यापीठाने २०१६ साली स्वतःच्या इतिहासावर अहवाल काढला होता. ओल्ड क्वीन्स या त्या जुन्या इमारतीच्या पायाच्या कामावर विल नावाचा एक गुलाम होता, आणि त्याच्या कामाचा मोबदला त्याच्या मालकाच्या नावावर लागलेला हिशेबाच्या वहीत सापडला. हे सगळे घडले ते न्यू ब्रन्सविक आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. मग मी वाचायला बसले. त्याला आता वर्ष होत आले.

सुरुवात आपल्याच काउंटीपासून करते. १७९० साली या देशाची पहिली शिरगणती झाली. त्यात मिडलसेक्स काउंटीत १५,९५६ माणसे मोजली गेली, आणि त्यांतली १,३१८ गुलाम होती, म्हणजे दर बारा माणसांत एक. बर्गन काउंटीत १२,६०१ पैकी २,३०१, म्हणजे दर अकरांत दोन. संपूर्ण न्यू जर्सीत ११,४२३, आणि शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात २१,००० च्या वर. ज्या टाऊनशिपांत आज आपली घरे आहेत, गणपती बसतात, दिवाळीचे कार्यक्रम होतात, त्याच जमिनीवरचे हे आकडे आहेत.

आणि हे आपोआप झाले नव्हते. १६६४ साली इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या या वसाहतीच्या मालकांना, बर्कली आणि कार्टरेट यांना, माणसे हवी होती. जमीन अफाट होती, पण ती कसायला कोणी नव्हते. म्हणून त्यांनी जाहीर केले की जो येईल त्याला जमीन, आणि तो बरोबर जितके नोकर किंवा गुलाम आणेल तितकी जास्त जमीन. म्हणजे लोकसंख्या वाढवण्याच्या धोरणातच गुलामगिरी बसवलेली होती. पर्थ अॅम्बॉयच्या बंदरात ही माणसे उतरवली जात. १७२६ साली न्यू जर्सीत ३२,४४२ लोक होते, त्यांत २,५८१ काळे. १७४५ साली ६१,३८३, त्यांत ४,६०६.

आता न्यूयॉर्कचे दोन आकडे पाहा, कारण माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला तो यांच्यामुळे. १६९८ साली त्या वसाहतीत १८,०६७ लोक होते, त्यांत २,१७० काळे. १७७१ साली १,६८,००७, त्यांत १९,८८३ काळे. भागाकार करून बघा. एकूण लोकसंख्या नऊपटींहून थोडी जास्त झाली, आणि काळ्यांची संख्याही नऊपटींहून थोडी जास्त. पुठ्ठ्यावर खांब काढले तर दोन्ही सारख्याच वेगाने उंच होताना दिसतील. मुलांना वाटेल, दोघांचेही सारखेच चालले होते. इथेच आकडा दिशाभूल करतो.

गोऱ्यांचा खांब मुख्यतः पाळण्यांनी वाढला. न्यू इंग्लंडमध्ये १६३० च्या दशकात सुमारे २०,००० माणसे आली, मग येणाऱ्यांचा ओघ जवळजवळ आटला, तरी १७०० पर्यंत तिथे ९०,००० च्या आसपास लोक झाले. लवकर लग्ने, घरटी सात-आठ मुले, पोटभर अन्न. १७५१ साली बेंजामिन फ्रँकलिनने यावर निबंधच लिहिला. वसाहतींतली लोकसंख्या वीस-पंचवीस वर्षांत दुप्पट होते, असे त्याने मांडले, आणि पुढे लोकसंख्यावाढीवर लिहिणाऱ्या इंग्रज अर्थतज्ज्ञ माल्थसने तोच हिशेब उचलला. हा निबंध लिहिणाऱ्या फ्रँकलिनच्या स्वतःच्या घरात गुलाम होते, आणि त्याच्या वर्तमानपत्रात गुलामविक्रीच्या जाहिराती छापून येत. म्हातारपणी त्याचे मन बदलले आणि १७९० साली त्याने गुलामगिरीविरुद्धच्या अर्जावर सहीही केली, हेही मुलांना सांगायला हवे.

काळ्यांचा खांब उत्तरेत मुख्यतः बाजाराने वाढला. न्यूयॉर्कमध्ये १७११ पासून वॉल स्ट्रीटच्या टोकाला, ईस्ट नदीच्या काठी, त्यासाठी ठरलेला बाजार होता. १७०३ सालच्या मोजणीत त्या शहरातल्या शंभरांतल्या सुमारे बेचाळीस घरांत गुलाम होते. फिलाडेल्फियाला तर १७५० च्या दशकाअखेर युद्धामुळे युरोपातून करारावर येणारे गोरे नोकर मिळेनात, तेव्हा व्यापाऱ्यांनी थेट आफ्रिकेतून माणसे मागवली. पुन्हा गोरे नोकर मिळू लागले, आयात थांबली, आणि गुलामांची संख्या घटायला लागली. जन्मांनी ती भरून निघत नव्हती.

का निघत नव्हती, यावर थोडे थांबा. दक्षिणेतल्या तंबाखूच्या मळ्यांवर दहा-वीस, पन्नास माणसे एकत्र असत. तिथले हाल वेगळे, पण एक वस्ती तरी होती. उत्तरेत एका घरात एक, फार तर दोन गुलाम. झोपायला पोटमाळा नाहीतर स्वयंपाकघराचा कोपरा. नवरा एका मालकाकडे, बायको दुसऱ्याकडे, मध्ये पाच-सहा मैल, आणि भेट मालकाच्या मर्जीवर. अशा घरात मोलकरणीला दिवस गेले की मालकाच्या कपाळावर आठ्या. तान्हे मूल म्हणजे तिचे काम अडणार, एक तोंड वाढणार. वर्तमानपत्रांतल्या जाहिराती उघड सांगत की बाई कामाला चांगली आहे, विकायचे कारण इतकेच की तिला मुले फार होतात. बॉस्टनच्या जेरेमी बेलनॅप या पाद्र्याने १७९५ साली एका पत्रात मॅसॅच्युसेट्सचा जुना रिवाज नोंदवला आहे. काळ्यांची मुले घरात अडचण समजली जात, आणि अंगावरचे दूध तुटले की कुत्र्याची पिल्ले वाटावीत तशी ती वाटून टाकली जात.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. आपल्याकडे मुलाचे दूध तोडताना घरात किती चर्चा होते! आजी पुण्याहून फोनवर सांगते, अमुक दे, तमुक देऊ नको. आणि इथे त्याच दिवसाची वाट पाहिली जात होती, पोर कोणाला तरी देऊन टाकण्यासाठी.

मूल कोणाचे, हे कायद्याने ठरलेले होते. न्यूयॉर्कच्या १७०६ च्या कायद्याने मूल आईच्या दर्जाचे मानले, आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणीही असो. बाप्तिस्मा झाला तरी सुटका नाही.

मॅनहॅटनमध्ये ब्रॉडवेच्या बाजूला १९९१ साली सरकारी इमारतीचा पाया खणताना जमिनीतून हाडे निघाली. ते आफ्रिकन लोकांचे जुने दफनस्थान होते. तिथे सुमारे १५,००० माणसे पुरली असावीत असा अंदाज आहे. ४१९ जणांचे अवशेष बाहेर काढून तपासले गेले. ज्यांचे वय ठरवता आले त्यांच्यात दहांतली चार मुले होती. एका कबरीत पंचवीस-तिशीतल्या बाईच्या उजव्या हाताच्या खोबणीत नुकतेच जन्मलेले बाळ ठेवलेले होते. कोणीतरी, बहुधा तिच्याच माणसांनी, ते तसे नीट ठेवले. १७३१ च्या नियमाने गुलामाच्या अंत्ययात्रेला बारांहून जास्त लोकांना जमायची परवानगी नव्हती, तरीही. २००३ साली ते सगळे अवशेष घानात कोरलेल्या लाकडी पेट्यांतून पुन्हा त्याच जागी मातीत ठेवले गेले. आज तिथे राष्ट्रीय स्मारक आहे. आपल्यापैकी कित्येक जण त्या भागात रोज नोकरीला जातात.

"मुलं लहान आहेत, हे सगळं कशाला सांगायचं?" असे काही पालक म्हणतील, माझ्या घरीही म्हटले गेले. माझ्या वर्गातली मुले सात-आठ-नऊ वर्षांची आहेत. म्हणून तेवढ्याच वयाच्या तीन मुलांबद्दल सांगते.

१७६१ साली बॉस्टनच्या धक्क्यावर एक मुलगी विकत घेतली गेली. तिचे पुढचे दुधाचे दात पडलेले होते, त्यावरून घेणाऱ्यांनी अंदाज बांधला, सातेक वर्षांची असेल. ज्या जहाजातून आली त्याचे नाव फिलिस, म्हणून तिचेही नाव फिलिस ठेवले. पुढे १७७३ साली तिच्या कवितांचे पुस्तक लंडनला छापले गेले. फिलिस व्हीटली ती हीच.

त्याआधी वीसेक वर्षे एका आठ वर्षांच्या मुलाला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजावरच्या एका अधिकाऱ्याने चार गॅलन रम आणि कॅलिकोचा एक तागा देऊन घेतले आणि ऱ्होड आयलंडला आणले. स्वतःच्या पैशाने केलेला सौदा, म्हणून मुलाचे नाव व्हेंचर. त्याचे खरे नाव ब्रोटीर होते. कॅलिको हे नाव आपल्या कालिकतवरून पडले. हिंदुस्थानातले सुती कापड त्या काळी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या बदल्यात दिले जाई. "आपला काय संबंध" असे म्हणणाऱ्यांनी त्या ताग्याचा एकदा विचार करावा. व्हेंचर स्मिथने वर्षानुवर्षे जादा कष्ट करून पैसे साठवले, १७६५ साली स्वतःला विकत घेतले, मग बायकोला आणि मुलांना एकेक करून.

तिसरी इझाबेला. न्यूयॉर्कच्या अल्स्टर काउंटीत १७९७ च्या सुमारास जन्मली. तिच्या आईला दहा-बारा मुले झाली, जवळजवळ सगळी विकली गेली. पाच वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी बर्फातल्या घसरगाडीतून कशी नेली, हे आई तिला रात्री सांगत असे. इझाबेला नऊ वर्षांची असताना मेंढ्यांच्या कळपाबरोबर १०० डॉलरला विकली गेली. तिला फक्त डच येत होते, तेच तिचे घरचे बोलणे. नव्या घरात सगळे इंग्रजी. पॅन आण म्हटले की ती चुलीवर भांडी टांगायचे लोखंडी आकडे घेऊन जायची, आणि मार खायची.

आपण मराठी शाळा चालवतो. घरची भाषा तुटू नये म्हणून रविवारची झोप सोडून मुलांना गाडीत घालून आणतो. घरची भाषा बोलते म्हणून फटके खाणाऱ्या मुलीची गोष्ट आपल्या वर्गात सांगायची नाही, तर कुठे सांगायची? ही इझाबेला म्हणजे पुढे गुलामगिरीविरुद्ध भाषणे देत फिरलेली सोजर्नर ट्रुथ. तिच्या पहिल्या मालकांचे घराणे आणि रटगर्सचा पहिला अध्यक्ष हार्डनबर्ग यांचे घराणे एकच. २०१७ साली विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या एका इमारतीला तिचे नाव दिले.

पण मुलांना मला सगळ्यांत जास्त समजावून सांगायचे आहे ते आपल्या राज्याने गुलामगिरी ‘संपवली’ कशी, ते. १८०४ साली न्यू जर्सीने कायदा केला. उत्तरेतले हे शेवटचे राज्य. जे आधीपासून गुलाम होते ते तसेच राहणार. १८०४ च्या ४ जुलैनंतर गुलाम आईच्या पोटी जन्मणारी मुले ‘स्वतंत्र’, पण मुलीने एकविसाव्या आणि मुलाने पंचविसाव्या वर्षापर्यंत आईच्या मालकाची चाकरी करायची. पिढीच्या सुटकेची किंमत त्याच पिढीच्या उमेदीच्या वर्षांतून वसूल झाली. मालकाने अशा प्रत्येक जन्माची नोंद काउंटीच्या कारकुनाकडे करायची. त्या वह्या काही ठिकाणी अजून आहेत. आपण मुलाच्या जन्माचा दाखला फायलीत जपून ठेवतो. हा दाखला होता मालकाच्या हक्काचा.

कायद्यात आणखी एक मेख होती. मूल एक वर्षाचे झाले की मालकाला त्याच्यावरचा हक्क सोडून ते गरिबांची सोय पाहणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हवाली करता येई, आणि सरकार अशा मुलाच्या पोटापाण्यासाठी महिन्याला ३ डॉलर देई. मग काय झाले? पुष्कळ मालकांनी मूल सोडले आणि सांभाळण्याच्या नावाखाली तेच मूल पुन्हा घरात घेऊन सरकारचे पैसे खाल्ले. राज्याच्या तिजोरीवर इतका भार आला की काही वर्षांत ही सोय बंद करावी लागली.

आणि १८१८ साली आपल्या मिडलसेक्स काउंटीत जे घडले ते वाचून तर माझे हात थरथरले. गुलामाला किंवा अशा मुलाला राज्याबाहेर नेण्याआधी त्याची संमती घ्यावी लागे, आणि ती न्यायाधीशासमोर. जेकब व्हॅन विकल हा काउंटीचा न्यायाधीश. त्याने आणि त्याच्या नातेवाइकांनी मिळून शंभराहून जास्त काळ्या माणसांना पर्थ अॅम्बॉयहून जहाजाने लुइझियानाच्या मळ्यांवर पाठवले. त्यांतले कित्येक कायद्याने काही वर्षांत सुटणार होते. अंगावर पिणाऱ्या मुलांनीही ‘संमती दिली’ असे कागदोपत्री लिहिलेले आहे, न्यायाधीशाच्या सहीने. आज ईस्ट ब्रन्सविकमध्ये काही नागरिक या माणसांची नावे शोधून त्यांचे स्मारक उभे करण्याचे काम करत आहेत. रूट १८ वरून आपण रोज जातो. कोणी ही गोष्ट ऐकली होती?

१८३० साली उत्तरेतल्या राज्यांत जे साडेतीन हजार गुलाम उरले होते त्यांतले २,२५४ एकट्या न्यू जर्सीत होते. १८४६ साली त्यांचे नाव बदलून ‘आजन्म उमेदवार’, म्हणजे जन्मभराचे शिकाऊ कामगार, असे केले. १८६० च्या शिरगणतीतही १८ जण होतेच. १८६५ साली गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती या राज्याच्या विधिमंडळाने आधी फेटाळली, आणि १८६६ च्या जानेवारीत, ती देशभर लागू झाल्यावर, मंजूर केली.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले, त्यांनी निग्रो गुलामांना मुक्त केले म्हणून. एप्रिलमध्ये आपण जयंतीला हे अभिमानाने सांगतो. पुण्यात बसून एका मराठी माणसाला इथल्या माणसांची सुटका आपली वाटली. त्याच्या भाषेत शिकवणारे आपण, इथे राहून, मुलांना सांगतो की ते आपल्याकडे नव्हतेच.

तेव्हा माझी विनंती आहे. वसाहतींचा प्रकल्प घेऊन मूल आले तर लोकसंख्येच्या खांबाशेजारी दुसरा खांब काढायला सांगा, आपल्या काउंटीतल्या गुलामांचा, आणि दोन्ही खांब कशाने वाढले तेही बोला. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांना ‘गुलाम’ हा शब्द फक्त पत्त्यांच्या खेळामुळे माहीत होता. त्या शब्दाला आता फिलिस, ब्रोटीर, इझाबेला ही नावे जोडली आहेत. त्या मुलीला आणि तिच्या आईला मी सगळे सांगितले. पुठ्ठा तोवर शाळेत जमा झाला होता. नवा आम्ही वर्गासाठी केला, तो भिंतीवर आहे. ज्या शाळेला हवा असेल तिने घेऊन जावा, फक्त कोपरे जपा.

येत्या एप्रिलमध्ये एका शनिवारी आम्ही मोठ्या मुलांना मॅनहॅटनच्या त्या दफनस्थानी नेणार आहोत. मेट्रोपार्कहून सकाळच्या गाडीने जायचे, दुपारपर्यंत परत. प्रत्येक चार मुलांमागे एक मोठे माणूस हवे आहे. यायचे असेल त्यांनी रविवारी वर्ग सुटताना मला दारात गाठा. मुलांना जाड कोट घाला, त्या इमारतींमधून वारा फार येतो.

आपली सहशिक्षिका,
एडिसन, न्यू जर्सी